कुलूपवाली कुणासारखी?

"ओ काका, डोकं खाली घ्या ना, काही दिसत नाही," असं मागच्या रांगेतली एक चिमुरडी म्हणाली, आणि माझ्या शेजारचा उंचच उंच माणूस मुकाट्यानं खुर्चीत खाली घसरला. इतका घसरला की त्याचे गुडघे हनुवटीला टेकले. मला हसू आलं. मग माझ्या लक्षात आलं की अख्ख्या थिएटरात पोरंबाळं सोबत न घेता आलेली मोठी माणसं दोनच आहेत. एक तो आणि एक मी.

रविवारचा सकाळचा खेळ होता. लहान मुलांच्या सिनेमाला एवढ्या घोडीनं एकटीनं जाऊ नये, लोक हसतात, असं माझ्या ताईचं स्पष्ट मत. हसेनात का! सिनेमा विहिरीतल्या देवमाशाचा होता, हातानं काढलेला, जुना, आणि माझा सगळ्यांत लाडका. एका म्हातारीच्या विहिरीत देवमाशाचं पिल्लू सापडतं. ती त्याला वाढवते. ते मोठं होतं, विहीर पुरत नाही, आणि एक दिवस ते समुद्रात जातं. गोष्ट म्हणाल तर एवढीच. पण पोरं चिडीचूप बसून बघतात, आणि माझ्यासारखीला रडायला अमुकच एक जागा लागते.

ती जागा आली आणि शेजारचा कुजबुजला, "आता बघा... हात थांबेल."

"पाठ आहे मला," मी म्हटलं. "गप्प बसा."

देवमासा गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारी नेहमीसारखी बादलीत खाणं भरते आणि विहिरीत सोडते. सवयीनं. अर्ध्यात तिचा हात थांबतो. दोरी जराशी हलत राहते. संगीत नाही, रडणं नाही, तोंडसुद्धा दिसत नाही म्हातारीचं, नुसती पाठ. मग ती बादली वर ओढते. बस्स. मी डोळे पुसले आणि तिरप्या नजरेनं शेजारी पाहिलं, तर हे साहेबही नाक ओढत होते आणि त्यांचा खांदा म्हातारीच्या खांद्याबरोबर खाली-वर होत होता.

बाहेर आलो तर पाऊस लागलेला. छत्री दोघांकडेही नाही. छपराखाली दाटीवाटीनं उभे राहिलो आणि भांडायला लागलो. हो, पहिल्याच भेटीत. तो म्हणाला, सिनेमातली सगळ्यांत भारी गोष्ट म्हणजे त्यातला पाऊस. मी म्हटलं, पावसात काय ठेवलंय, भारी ती म्हातारी. त्यानं समोर बोट केलं.

"हा पाऊस आपोआप पडतोय," तो म्हणाला. "त्यातला कुणीतरी बसून पाडलाय. थेंब थेंब. आणि म्हातारीच्या दारासमोर थोडा हळू पाडलाय... बघितलंत ना तुम्ही?"

बघितलं होतं. अगदी नीट बघितलं होतं. पण तोवर मला वाटायचं की ते फक्त मलाच दिसतं. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मिटलं, केस मागे सारले आणि "चला, उशीर होतोय" म्हणून भर पावसात निघाले. उशीर कशाचा, डोंबलाचा? रविवार होता. भिजत घरी आल्यावर आईनं विचारलं की इतकं हसायला काय झालं. मी म्हटलं, सिनेमा चांगला होता.

दुसऱ्या दिवशी तो आमच्या दिग्दर्शकांच्या, म्हणजे मास्तरांच्या, मागोमाग स्टुडिओच्या दारातून वाकून आत आला. दार बुटकं होतं. त्याच दिवशी पोरींनी त्याचं नाव लांब्या ठेवलं.

आता आमचं काम सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आम्ही सिनेमे हातानं काढायचो. हलणारं चित्र म्हणजे कागदांचा ढीग असतो. नुसता हात वर जायचा तरी मूठभर कागद लागतात. मोठे चित्रकार मुख्य मुख्य चित्रं काढून द्यायचे, म्हणजे हात खाली आणि हात वर. त्यांच्या मधली सगळी चित्रं आम्ही मुली काढायचो. खालून दिवा लावलेल्या काचेवर कागदावर कागद ठेवून, रेघेला रेघ जुळवून. आमच्या खोलीला सगळे माजघर म्हणायचे आणि मला म्हणायचे मधली. घरीही मी तीन बहिणींतली मधलीच, त्यामुळे हाक मारली की मी दोन्हीकडे ओ द्यायची.

हे काम करणाऱ्या माणसाची नजर बिघडते. कुणी जिना उतरत असलं की आम्हाला माणूस दिसत नाही, गुडघा कुठं वाकतो ते दिसतं. बसमध्ये जांभई देणाऱ्याकडे मी टक लावून बघते म्हणून ताईनं मला दोनदा चिमटा काढला होता. प्रत्येक टेबलावर एक आरसा असायचा, तोंडं वेडीवाकडी करून बघायला. पण आरशात आपलं तोंड दिसतं. आपण चालताना कसे दिसतो, हे आरसा सांगत नाही.

तेव्हा आम्ही एका कुलूपवालीचा सिनेमा काढत होतो. ज्यांच्या किल्ल्या हरवल्यात त्यांची कुलपं उघडून देत गावोगाव फिरणारी मुलगी आणि तिची एक खवीस शेळी. शेळी जमली होती. मुलगी जमत नव्हती. मास्तर म्हणायचे, दिसायला बरी आहे, पण जिवंत नाही हो. म्हणून लांब्याला आणलं, त्याच्या हातात कुलूपवाली दिली, आणि त्याची मधली चित्रं काढायचं काम माझ्याकडे आलं.

ते दिवस... काय सांगू! जेवणाच्या सुट्टीत डबे उघडायचे आणि वाद सुरू व्हायचा, की सगळ्यांत चांगला सिनेमा कुठला. नियम एकच, सिनेमाचं नाव घेतलं की त्यातली एक जागा सांगायची, आणि ती जागा का आवडते तेही. नुसतं 'छान आहे' म्हटलं तर त्यानं सगळ्यांचा चहा करायचा. रंगखोलीतल्या काकू पंचवीस वर्षं आकाशं रंगवत होत्या. त्यांना खलनायक गाणारा लागायचा. "वाईट माणसाला गळा गोड हवा," त्या म्हणायच्या, "म्हणजे पोरांना कळतं की गोड बोलणाऱ्यापासून जपायचं." मास्तरांना म्हाताऱ्या झालेल्या दोन रेल्वे इंजिनांचा सिनेमा आवडायचा, कारण त्यात दोघं शेवटी शेडमध्ये नुसती शेजारी उभी असतात आणि तरी कळतं की भांडण मिटलं. लांब्याला लोकांच्या फाटलेल्या सावल्या शिवणाऱ्या शिंप्याचा.

"त्यात काय एवढं?" मी मुद्दाम विचारायची.

"शिंपी काम संपवून घरी येतो. बूट काढतो. एक बूट आडवा पडतो, तो वाकून सरळ करतो. गोष्टीत त्याचा काही संबंध नाही. पण कुणीतरी दिवसभर बसून तो बूट काढलाय, कारण तो शिंपी तसा आहे."

"म्हणजे तुला बूट आवडतात."

"मला तो सरळ करणारे हात आवडतात," तो म्हणाला आणि माझ्या डब्यातलं एक बिस्किट उचललं. मी हातावर चापट मारली. काकूंनी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे बघितलं, आणि आकाश वाळलं का बघायला उठून गेल्या.

मी प्रेमात पडले ते नक्की कधी, ठाऊक नाही. एक दिवस त्याला सर्दी झाली म्हणून तो आला नाही, आणि मला दिवसभर एकही रेघ सरळ ओढता आली नाही, एवढं आठवतं. झालं, म्हटलं, आपण गेलो कामातून.

आणि नेमकी तेव्हाच कुलूपवाली जिवंत झाली.

त्याची चित्रं माझ्या काचेवर यायची तेव्हा मी बघतच राहायची. ही मुलगी दार हातानं उघडायचीच नाही, कमरेनं ढकलायची. विचार करताना एका पायानं दुसऱ्या पायाची पोटरी खाजवायची. जिना धडाधड उतरायची आणि शेवटच्या पायरीवर थांबून दोन्ही पायांनी उडी मारायची. बोलायला तोंड उघडायची आणि वाक्य अर्धवट टाकायची. केस मागे सारायचे तर बोटांनी नाही, मनगटानं. मी त्याला विचारलं की हे मनगट कशाला? तो म्हणाला की तिची बोटं कायम काळी असतात, कुलपातल्या तेलानं, तोंडाला लागू नये म्हणून. बरोबर होतं. सगळंच बरोबर होतं. असलं काही डोक्यातून काढता येत नाही, ते कुठंतरी रोज बघावं लागतं. आणि बघणाऱ्याचा जीव जडल्याशिवाय ते असं कागदावर उतरत नाही. एवढं मला कळत होतं, मीही त्याच धंद्यातली होते.

एकदा न राहवून विचारलंच. "कुणासारखी आहे रे ही?"

तो पेन्सिलीला टोक करत होता. टोक झालेलं होतं तरी करत राहिला. "आहे एकजण. ओळखीची."

"मग... तिला सांगितलंस का, की तू तिला काढतोयस?"

"तिला कळेल," तो म्हणाला. "बघितलं की कळेल तिला."

मग पुढचे कितीतरी आठवडे मी त्या बयेची चित्रं काढली. तो तिचा हात वर काढायचा, तो हात तिथवर न्यायचं काम माझं. ती हसायची, ते हसू ओठांवर आणायचं काम माझं. स्वतःच्या सवतीला कुणी इतकं नटवलं नसेल. जळून कोळसा झाले होते मी, आणि रेघ मात्र एक वाकडी जाऊ दिली नाही.

मग कच्च्या चित्रांची पहिली चाचणी झाली. रंग नाही, आवाज नाही, नुसत्या पेन्सिलीच्या रेघा पडद्यावर हलणार. कुलूपवाली कमरेनं दार ढकलून आत आली आणि सगळे हसायला लागले. प्रेमानं, आपलं माणूस दिसल्यासारखे. काकू तर खुर्चीत मागे वळून माझ्याकडे बघून हसत होत्या. मला वाटलं, चित्रं चांगली झाली म्हणून कौतुक करताहेत. मी मान हलवून आभार मानले. कपाळ माझं.

बाहेर बोळात लांब्यानं मला गाठलं. हातात कागदांची गुंडाळी होती, ती या हातातून त्या हातात चालली होती.

"बघितलंस?" त्यानं विचारलं. "मग... कशी वाटली तुला ती?"

त्याच्या तोंडावर असं काही होतं, की माझ्या जिवाची तगमग झाली. माझ्याकडून त्या दुसरीचं कौतुक ऐकायला हा एवढा आतुर झालाय, असं मी समजले. आणि माझी जीभ सुटली.

"खरं सांगू? वेंधळी आहे. धड चालत नाही, धड बोलत नाही, प्रत्येक वाक्य अर्धवट टाकते. शेळी बरी तिच्यापेक्षा. असल्या मुलीवर कोण जीव लावेल रे?"

त्यानं गुंडाळी काखेत घातली. मग म्हणाला, "बरं झालं सांगितलंत."

सांगितलंत. रोज अरे-तुरे करणारा माणूस पहिल्या भेटीतल्यासारखा 'तुम्ही'वर गेला, आणि तिथंच राहिला. दुसऱ्या दिवसापासून तो माजघरात आला की "तुमची चित्रं झाली का" विचारायचा, कागद ठेवायचा आणि जायचा. डबा टेबलावरच खायचा. मला वाटलं, त्याच्या लाडकीला नावं ठेवली म्हणून राग आला. येऊ दे. मग रात्री उशीत तोंड खुपसून मी रडले, ते वेगळं.

कुलूपवाली मात्र आजारी पडल्यासारखी झाली. ती दार हातानं उघडायला लागली. पाय जमिनीवर नीट ठेवायला लागली. सगळं व्यवस्थित, मोजूनमापून. मास्तर एक दिवस चित्रं चाळता चाळता थांबले आणि म्हणाले, काल माणूस होती, आज पुतळा झाली, हिला कुणी दृष्ट लावली? लांब्या पेन्सिलीला टोक करत राहिला. मी काच पुसत बसले.

शेवटचा प्रसंग माझ्याकडे आला तेव्हा तर मला बघवेना. गावातली सगळी कुलपं उघडून कुलूपवाली निघते. ज्याच्या घराचं कुलूप तिनं शेवटी उघडलं, तो दारात उभा आहे. त्याला वाटतंय ही थांबावी, पण तो बोलत नाही. ती जिना उतरते आणि जाते. लांब्यानं दोनच मुख्य चित्रं दिली होती, जिन्याच्या वर आणि जिन्याच्या खाली. मधे काहीच सांगितलं नव्हतं. म्हणजे सरळ उतरवा आणि मोकळे व्हा.

मला ते जमेना. मला तिची आठवण यायला लागली होती, खरंच सांगते. ज्या मुलीवर एवढी जळले तीच आता काचेवर नव्हती. शेवटी मी तिला माझ्या मनानं उतरवलं. धडाधड खाली आली, शेवटच्या पायरीवर थांबली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मिटलं, मनगटानं केस सारले आणि दोन्ही पायांनी उडी मारली. वळून बघितलं नाही. मी ढीगभर जादा कागद वापरले. मास्तरांनी ते बघितलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले की आपला सिनेमा आता झाला.

संध्याकाळी लांब्या माझ्या टेबलापाशी आला. "ती उडी... तुम्ही घातलीत?"

"ती तशीच उतरली असती."

"तुम्हाला तर ती आवडत नव्हती."

"नाहीच आवडत," मी म्हटलं. "पण तिला खोटी काढवत नाही माझ्याच्यानं."

त्याला काहीतरी बोलायचं होतं. खांदा जरा पुढे आला, मला दिसलं. पण तो नुसती मान हलवून गेला. दोन दिवसांनी काकूंनी सांगितलं की लांब्या चालला. लांबच्या शहरात नवीन स्टुडिओ निघालाय, तिथं सगळं कॉम्प्युटरवर करतात, मधली चित्रंही मशीनच काढतं. घरच्यांचा खेळ झाला की त्याच संध्याकाळची त्याची गाडी. काकू हे सांगताना माझ्याकडे रोखून बघत होत्या. मी म्हटलं, चांगलं आहे की, प्रगती आहे. काकू म्हणाल्या, "तुझ्या डोक्यात किल्ली फिरवायला पाहिजे एकदा," आणि ब्रश धुवायला गेल्या.

घरच्यांचा खेळ ही आमच्याकडची रीत. सिनेमा लोकांना दाखवायच्या आधी एका दुपारी, ज्यांनी तो काढला त्यांच्या घरच्यांना दाखवायचा. वर्षानुवर्षं आपली माणसं कागद काळे करतात म्हणजे काय करतात, ते त्यांना एकदा कळावं म्हणून. ताई आली नाही, धाकटीची परीक्षा होती, आई आली. माझी आई शिवणकाम करते. बायकांची मापं घेण्यात तिचं आयुष्य गेलंय. अशा सिनेमातलं तिला काही कळत नाही असं ती स्वतःच सांगते. चष्मा लावून, पर्स मांडीवर घेऊन ती माझ्या शेजारी बसली. लांब्या सगळ्यांत मागे, दाराजवळ बसला होता. उंच माणसं मागेच बसतात.

दिवे गेले. डोंगरावरून शेळी आली. मग एक दार धाडकन उघडलं आणि कुलूपवाली कमरेनं ते ढकलत आत शिरली.

"अगं बाई," आई म्हणाली, अगदी नेहमीच्या आवाजात, म्हणजे चार रांगांना ऐकू जाईल अशा. "ही तर तू!"

"कोण?"

"तू गं. दार असंच उघडतेस की. किती वेळा ओरडले मी, बिजागऱ्या मोडतील म्हणून." आणि मग पडद्याकडे बघत, मापं सांगावीत तशी आई सांगत गेली. ही पोटरी. हे मनगट, शाई लागू नये म्हणून शाळेपासूनची सवय. "आणि ही बघ, उडी मारणार आता शेवटच्या पायरीवरून... मारली. तीन वर्षांची असल्यापासून मारतेस."

आजूबाजूला खसखस पिकली. पुढच्या रांगेतून काकू वळल्या. "सुटले मी," त्या म्हणाल्या. "त्यानं शपथ घातली होती, तिचं तिला कळू दे म्हणून."

मी पडद्याकडे बघितलं. दिवसभर लोकांचे गुडघे बघत फिरणारी मी, त्या मुलीची एकेक रेघ काढलेली मी, आणि मला दिसली नव्हती. त्याला वाटलं होतं, बघितलं की कळेल. आणि मी त्याच्या तोंडावर म्हटलं होतं, असल्या मुलीवर कोण जीव लावेल. बोळात, कागदांची गुंडाळी या हातातून त्या हातात करत उभ्या असलेल्या माणसाला.

मी मागे वळले. दाराजवळची खुर्ची रिकामी होती.

लोकांच्या पायांवर पाय देत मी बाहेर आले. तो फाटकापाशी होता, खांद्याला पिशवी, हात कडीवर. दुपारचं लख्ख ऊन पडलं होतं.

"थांब," मी म्हटलं.

तो थांबला. "सिनेमा अजून संपला नाही तुमचा."

"मला माहीत नव्हतं."

"काय?"

"की ती मी आहे." दम लागला होता. "मला वाटलं, कुणीतरी दुसरी आहे. तुझी. मी जळत होते रे. म्हणून बोलले ते. इतके दिवस जळले तिच्यावर."

त्याचा हात कडीवरून खाली आला. मग हळूच म्हणाला, "स्वतःवरच?"

"हसायचं तर हस."

"मी हसत नाहीये." खरंच हसत नव्हता. "मला वाटलं, तू बघितलंस... कळलं तुला... आणि 'नाही' म्हणालीस. जरा कडक शब्दांत."

"मला कळलं असतं तर..."

"तर काय?"

नेहमीसारखं वाक्य सोडून पळता आलं असतं. पाय तयारच होते. पण हा माणूस संध्याकाळच्या गाडीनं जाणार होता, आणि आमच्या धंद्यात एवढं तर शिकले होते, की कुणी काढल्याशिवाय पापणीसुद्धा आपोआप हलत नाही.

"तर मी सांगितलं असतं की मला तू आवडतोस," मी म्हटलं. "पावसात भांडलास त्या दिवसापासून. तू सर्दीनं आला नाहीस तेव्हा माझ्या हातून एक रेघ सरळ गेली नाही. तू जाऊ नयेस असं मला वाटतं."

त्यानं पिशवी खाली ठेवली. ती कलंडली, तशीच राहू दिली. "मी तिकडे हो म्हणून बसलोय," तो म्हणाला. "शब्द दिलाय."

"मग जा. पण तिथं माझ्यासाठी काम बघ."

"तिथं मधली चित्रं मशीन काढतं."

"मशीनला सांग," मी म्हटलं, "मी येतेय."

आता मात्र तो हसला, आणि हसता हसता त्यानं माझा हात धरला, काळ्या बोटांसकट. त्याची बोटंही काळीच होती. आतून सिनेमाचं संगीत ऐकू येत होतं.

तेवढ्यात आई मला शोधत बाहेर आली. दारात थांबून तिनं लांब्याकडे डोक्यापासून पायांपर्यंत बघितलं, किती कापड लागेल ते बघावं तसं. मी हात सोडवायला गेले. त्यानं सोडला नाही.

"तुम्ही काढलंत ते?" आईनं विचारलं.

"हो," तो म्हणाला. "आणि हिनं."

आईनं चष्मा काढला. पदरानं काचा पुसल्या, मग डोळे पुसले, मग पुन्हा काचा.

"बावीस वर्षं हिचे कपडे शिवतेय मी," ती म्हणाली. "इतकं नीट मीसुद्धा नाही बघितलं तिच्याकडे."

आई पुढे आली, त्याची कलंडलेली पिशवी उचलून त्याच्या हातात दिली आणि गाडी किती वाजताची आहे ते विचारलं. तो म्हणाला, संध्याकाळची. मग अजून वेळ आहे, आधी घरी चला, आई म्हणाली, आणि माझ्याकडे न बघताच पुढे चालायला लागली.